आधी वायफाय कार्डाला ड्रायव्हर लागलाय का ते बघा

लिनक्सचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) अपडेट केल्यावर वायफायच गायब झालं म्हणताय, पण लगेच फॉरमॅट मारू नका हो. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही कार्डांची यादी देणारी कमांड चालवा, पुढे डॅश एनएनके लावून (lspci -nnk). वायफाय कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नसेल तर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, लोड झालेला नाही, आणि ओळ असून नेट नसेल तर डीमेसग (dmesg) कमांडने कर्नलचे संदेश बघा, बऱ्याचदा फर्मवेअरची (कार्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरची) बोंब असते. तोवर मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंगवर, म्हणजे मोबाईलच्या नेटवर भागवा. ड्रायव्हर डीकेएमएसने (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा तयार करणाऱ्या सोयीने) टाकलेला असेल तर त्यासाठी नव्या कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर तयार करायला लागणाऱ्या फाइल्स) लागतात, वर सिक्युअर बूट (डिजिटल सही तपासणारी सुरक्षा) चालू असलं की सही नसलेलं मॉड्यूल, म्हणजे तो ड्रायव्हर, लोडच होत नाही, माझी अख्खी रात्र यातच गेली राव! सोबत विंडोज असेल तर तिकडचं फास्ट स्टार्टअप (यात विंडोज पूर्ण बंद होत नाही) पण बंद करून बघा.