तातडीची मदत हवी: केनी-डॉलीची नाताळची कॅसेट तुटली

नॉक्सव्हिलकरीण
शेजारच्या आजींची कॅसेट आमच्या जुन्या गाडीच्या डेकने खाल्ली. केनी रॉजर्स आणि डॉली पार्टन या अमेरिकन गायकांची, नाताळची. गुरुवारी परत द्यायचीय. दुसरी कुठे मिळेल? गूगल करून झालंय, तो सल्ला नको.

तबकडी
फीत तुटलीय की नुसती गुंतलीय? गुंतली असेल तर षटकोनी पेन्सिल घाला आणि हळूहळू फिरवा. अख्खं बालपण गेलंय त्यात.

नॉक्सव्हिलकरीण
शीर्षकात लिहिलंय की. तुटलीय!

वसईचा_पाव
ताई, केनी-डॉली सोडा. नाताळ म्हणजे जिम रीव्हज. 1963 चा '12 साँग्ज ऑफ ख्रिसमस'. आमच्याकडे वसईत डिसेंबर लागला की घराघरातून तोच आवाज. आजींना तो द्या, खूश होतील.

तबकडी
जिम रीव्हज एकटा गातो हो. त्यांना द्वंद्वगीतं हवीत.

दीडशहाणा
अल्बमचं नाव 'वन्स अपॉन अ ख्रिसमस', 1984. केनी रॉजर्स आणि डॉली पार्टन. आदल्याच वर्षी 'आयलंड्स इन द स्ट्रीम' तुफान चाललं होतं (ते बी जीज या बँडने लिहिलेलं), म्हणून लगेच ही जोडी नाताळाला उभी केली. दहा गाणी, त्यातली पाच डॉलीने लिहिलेली. जुन्या कॅसेटच्या दुकानात सहज मिळेल. यात अडचण काय आहे?

सोनचाफा
यातच ना ते 'हार्ड कँडी ख्रिसमस'? माझं फार आवडतं.

दीडशहाणा
नाही. ते डॉलीच्या 1982 च्या सिनेमातलं, त्यात केनी नाहीच.

सोनचाफा
आमच्या कॅसेटमध्ये होतं. शपथेवर सांगते.

दीडशहाणा
तुमच्या भावाने दोन्ही एकत्र भरून घेतली असतील. कॅसेटच्या दुकानात यादी दिली की भरून द्यायचे, विसरलात का?

सोनचाफा
मला भाऊ नाही.

नॉक्सव्हिलकरीण
तो अल्बम आणला हो! कालच. ऐकून आजी म्हणाल्या, ही नाही. गाणी तीच, पण त्यांच्या कॅसेटमध्ये मध्ये मध्ये दोघं बोलतात, हसतात, टाळ्या पडतात.

तबकडी
हे आधी सांगायला काय झालं होतं? कॅसेटवर काय छापलंय?

नॉक्सव्हिलकरीण
काहीच नाही. वर बॉलपेनने 'डॉली' लिहिलंय. मला वाटलं कागद गळून पडला असेल.

दीडशहाणा
म्हणजे टीव्हीवरून भरलेली! 1984 मध्येच 2 डिसेंबरला सीबीएस या अमेरिकन टीव्ही वाहिनीवर याच जोडीचा नाताळचा कार्यक्रम झाला होता. बाजारात शोधत बसू नका. कार्यक्रम सापडेलही, ही कॅसेट नाही.

लोणीसाखर
इथे अमेरिकेत, नॉक्सव्हिलला बिनअंड्याचा प्लम केक कुठे मिळतो, कुणाला माहीत आहे का? तुम्ही सगळे तिथलेच दिसताय म्हणून विचारते.

तबकडी
दुरुस्तीच करा. डबीला स्क्रू आहेत की चिकटवलेली आहे? तुटलेली टोकं दोन्ही दिसतायत ना?

वसईचा_पाव
सेलोटेप लावा, चालतं. मी लावलेली.

तबकडी
अजिबात नको! तिचा डिंक पाझरतो, शेजारच्या वेढ्यांना आणि डेकच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, चिकटतो. कॅसेटची वेगळी चिकटपट्टी मिळते, स्प्लायसिंग टेप म्हणतात. टोकं तिरपी, एकावर एक धरून कापा, म्हणजे तंतोतंत जुळतील. जोड आतल्या बाजूने लावायचा, म्हणजे नमद्याची छोटी गादी असते त्या बाजूला. बाहेरची बाजू हेडला लागते, तिथे काही नको. कडेने चिकटपट्टी बाहेर आली तर पात्याने साफ करा.

वसईचा_पाव
माझी अजून वाजते.

तबकडी
देव तुमच्या डेकचं भलं करो.

दीडशहाणा
चुरगळलेला तुकडा कापून टाका. दोन सेकंदं जातील, फार तर एखादा शब्द.

नॉक्सव्हिलकरीण
नको. आजोबांनी रेकॉर्डर टीव्हीसमोर धरून भरलेलं आहे, म्हणे. एका गाण्यात ते खोकतात आणि आजी दटावतात. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. तुटलंय नेमकं कुठे ते वाजवल्याशिवाय कळणार नाही, आणि कापायचा धीर होत नाही. आजी सेव्हियर काउंटीतल्या, डॉलीच्या गावाकडच्या. तिला घरातल्या मुलीसारखं 'आमची डॉली' म्हणतात.

तबकडी
मग काहीच कापू नका. चुरगळलेला भाग दोन बोटांत हलकेच सरळ करा, टोकं जशी आहेत तशी एकमेकांना भिडवा, आतून पट्टी. वाजवाल तेव्हा पहिल्याच फेरीत संगणकावर भरून घ्या. गाडीत परत घालू नका.

सोनचाफा
हार्ड कँडी मला सापडलं. दुसऱ्या कॅसेटमध्ये होतं. दीडशहाणा, सॉरी.

नॉक्सव्हिलकरीण
स्क्रू पाच आहेत. चार निघाले, पाचव्याची खाच गेलीय. आता?

वसईचा_पाव
रबरबँड मध्ये ठेवून स्क्रूड्रायव्हर दाबा.

तबकडी
हे मात्र बरोबर आहे.