केडलस्टन हॉल आणि कोलकात्याचं राजभवन, सारखं नेमकं काय?

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी, बहीण इंग्लंडात डर्बीला असते, तिनं तिथल्या केडलस्टन हॉल या जुन्या मोठ्या हवेलीचे फोटो पाठवलेत, तेव्हापासून तेच बघत बसलोय. कोलकात्याचं राजभवन (आता लोकभवन म्हणतात) यावरनंच बांधलंय म्हणे, पण राजभवनाला चार विंग आणि इथं दोनच दिसालेत, मग कॉपी कसली? आणि स्वयंपाकघर एवढ्या लांब कशाला? मुलगी आर्किटेक्चरला आहे, तिला प्रोजेक्टला पाहिजे, नीट सांगा की कुणीतरी.

खानापूरकर:
दादा, प्लॅन चारचाच होता, बांधल्या दोनच. घरमालक सर नॅथॅनिएल कर्झननं 1759 ला काम काढलं, आर्किटेक्ट आधी ब्रेटिंगहॅम, मग पेन आणि शेवटी रॉबर्ट ॲडम. मधे मोठी इमारत, कोपऱ्यांना छोट्या, जोडायला गोलाईनं वळणारे कॉरिडॉर. पुढं गव्हर्नर जनरल वेलस्लीनं कोलकात्यात 1799 ते 1803 मधे गव्हर्नमेंट हाऊस, म्हणजे हेच राजभवन, उभं केलं तेव्हा आर्किटेक्ट चार्ल्स वायटनं चारही विंग बांधल्या, म्हणजे डर्बीशायरला कागदावर राहिलेलं आपल्याकडं पुरं झालं! केडलस्टनच्या आतला मार्बल हॉल बघाच, अलाबास्टरचे (संगमरवरासारखा दिसणारा मऊ दगड) वीस खांब, एकेक 25 फुटी, उजेड सगळा छतातनं.

निपाणीची सूनबाई:
स्वयंपाकघराचं मी सांगते. आगीची भीती आणि धूर-वास नको म्हणून ते एका विंगमधे, दुसऱ्या विंगमधे घरची माणसं राहायची. मधली एवढी देखणी इमारत पाहुण्यांसाठी, चित्रं-मूर्ती मिरवायला, आपल्या वाड्यात सदर पुढं आणि माजघर मागं असतं ना, तसंच. मला मात्र वाईट वाटतं ते गावाचं, बागबगीचा मोकळा दिसावा म्हणून केडलस्टन गावच उठवलं, तिथं फक्त जुनं चर्च राहिलं, अगदी घराला खेटून. सौंदर्याचं कौतुक करताना हेपण प्रोजेक्टमधे यायलाच पाहिजे.

टिळकवाडीकर:
ताई, गावाचं खरंच माहीत नव्हतं, लिहायला सांगतो. म्हणजे लॉर्ड कर्झन 1899 ला व्हॉइसरॉय होऊन आला तो जवळपास आपल्याच घराच्या नकलेत राहिला म्हणायचं.

खानापूरकर:
हो, त्याचा जन्मच केडलस्टनचा, 1859 चा. मुलीला सांगा एकच बाजू काढू नको, उत्तरेकडचा सहा खांबांचा दर्शनी भाग पेनचा आणि दक्षिणेचा ॲडमचा, तो रोममधल्या कॉन्स्टंटाईनच्या कमानीवरनं घेतलाय, मागं गोल सलूनचा, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्याचा, घुमट. दोन्ही एलिव्हेशन (समोरून दिसणाऱ्या बाजूची चित्रं) शेजारी-शेजारी काढली की दोघांच्या हातातला फरक लगेच कळतोय.