ग्राफिक्स कार्डासोबतचं सॉफ्टवेअर टाकावं का? (आरटीएक्स ३०६०)

खानापूर_फोटो
नमस्कार. पीसी नवीन जोडलाय: आय५-१२४००एफ, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० (१२ जीबी), यूपीएस ६०० व्हीएचा. दिवसा लग्नाचे व्हिडिओ डाविंची रिझॉल्व्हमध्ये, रात्री गेम. एनव्हिडिया अ‍ॅप आणि कार्डाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर, दोन्ही टाकायची की नुसता ड्रायव्हर पुरे? नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. आणि रेंडर चालू असताना करंट गेला की यूपीएस ओव्हरलोड दाखवून लगेच बंद पडतो. त्याला काही इलाज?

टिळकवाडी_पीसी
नुसता ड्रायव्हर पुरे. एडिटिंगसारख्या कामासाठीचा स्टुडिओ ड्रायव्हर घ्या. गेम त्याच्यावरही चालतात, फक्त नव्या गेमसाठीचे बदल गेम रेडी ड्रायव्हरमध्ये आधी येतात. इन्स्टॉलर सुरुवातीलाच विचारतो, एकटा ड्रायव्हर की अ‍ॅपसकट. एकटा निवडा, पुढे कस्टम, मग क्लीन इन्स्टॉलेशनवर टिक, म्हणजे जुन्या सेटिंग्ज पुसून नव्याने बसतो. नंतर एनव्हिडियाचं कंट्रोल पॅनेल दिसलं नाही तर ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर मिळतं.

कंपनीचं सॉफ्टवेअर कार्डावरच्या रंगीत लाइटसाठीच काय ते उपयोगी. त्यासोबत आफ्टरबर्नरही (कार्डाचा वेग, वीज आणि पंखा बदलायचं सॉफ्टवेअर) चालू असेल तर दोघं एकाच पंख्याला वेगवेगळा वेग सांगतात आणि पंखा उगाच वरखाली होत राहतो. एकच ठेवा.

निपाणी_एडिटर
टिळकवाडी सर, अ‍ॅपला एवढं मोडीत काढू नका की. एनव्हिडियाच्याच जुन्या जीफोर्स एक्सपिरियन्स अ‍ॅपला लॉगिन लागायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या या अ‍ॅपला लागत नाही, आणि गेम रेडी व स्टुडिओ यांत अदलाबदल त्यातूनच होते. त्या डिसेंबरात गेम फिल्टर्समुळे (गेमचे रंग बदलायची सोय) काही गेमचे फ्रेम घटले होते. अ‍ॅप टाकलंत तर सेटिंग्ज, फीचर्स, ओव्हरलेमध्ये जाऊन गेम फिल्टर्स व फोटो मोड बंद आहे ना, तेवढं बघा.

इन्स्टंट रिप्ले, म्हणजे गेमचं मागून सतत होणारं रेकॉर्डिंग, मात्र बंदच ठेवा. ५० एमबीपीएसने तासाला साडेबावीस जीबी लिहिले जातात, आणि तुमचं फुटेज त्याच एसएसडीवर असेल तर टाइमलाइन अडखळते.

कॅम्प_हार्डवेअर
यूपीएसचं सांगतो. ६०० व्हीए म्हणजे बहुतेक ३६० वॅट. कार्ड १७०, प्रोसेसर जोरात असताना ११७ पर्यंत, वर मॉनिटर, बोर्ड आणि एसएमपीएसमधला (पीसीच्या पॉवर सप्लायमधला) तोटा. काठावरच आहे. म्हणून टाकण्यासारखं खरं सॉफ्टवेअर एकच, एमएसआय आफ्टरबर्नर, त्यात कार्डाची वीज कमी करता येते. कार्ड कुठल्याही कंपनीचं असू दे. उतरवताना एमएसआय किंवा गुरु३डीच्याच साइटवरून घ्या, खोट्या साइटवर व्हायरस भरलेला मिळतो.

सोपा उपाय: पॉवर लिमिट ८० टक्के करा, कार्ड १३६ वॅटवर थांबतं.

चांगला उपाय, कार्डाचं व्होल्टेज कमी करणं: कोअर क्लॉक (चिपचा वेग) −२०० करून टिक दाबा. मग कंट्रोल+एफ दाबा, व्होल्टेज आणि वेगाची वक्र रेषा उघडते. तिच्यावर ९०० मिलिव्होल्टचा ठिपका १८०० मेगाहर्ट्झवर उचला, परत टिक. उजवीकडची रेषा सपाट झाली पाहिजे. प्रोफाइल १ मध्ये साठवा, पण विंडोज सुरू होताना लागू करायचं बटण आत्ता दाबू नका. आधी तासभर रेंडर चालवा. स्क्रीन काळी झाली किंवा रिझॉल्व्ह जीपीयूची चूक दाखवून थांबलं तर ९०० ऐवजी ९२५ मिलिव्होल्टचा ठिपका घ्या. प्रत्येक चिप वेगळी असते, दुसऱ्याचे आकडे डोळे झाकून घेऊ नका. वेग फारसा जात नाही, आणि अथणी-रायबागकडच्या मे महिन्यातही पंखे शांत राहतात.

खानापूर_फोटो
आभार. भावाकडे एएमडीचं रेडिऑन कार्ड आहे, त्यालाही हेच लागू का?

कॅम्प_हार्डवेअर
तिथं उलटं. एएमडीच्या इन्स्टॉलरमध्ये फुल, मिनिमल आणि ड्रायव्हर ओन्ली असे पर्याय येतात. मिनिमल घ्या. व्होल्टेज-पंख्याचं ट्यूनिंग त्यांच्याच अ‍ॅड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्ये आहे, ड्रायव्हर ओन्लीत ते येत नाही. पुढे कधी अ‍ॅड्रेनलिन उघडेनासं झालं तर बहुतेक विंडोज अपडेटने मागून दुसरा ड्रायव्हर बसवलेला असतो. अशा वेळी नेट बंद करून, सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढायचं सॉफ्टवेअर) जुना काढून परत टाका.