कुठे लागली चाहूल? रोजच्या दिवसातला देव आणि आपली प्रार्थना (अनुभव धागा)

सर्वांना प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर नागपुरात सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात आम्ही चारपाच जणी बोलत उभ्या होतो. 29 नोव्हेंबर 1970 ला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली ती इथेच. माझे बाबा त्या दिवशी बाहेर गर्दीत उभे होते, हे ते शेवटपर्यंत सांगायचे. अशा ठिकाणी देव जवळ वाटतो यात नवल नाही. पण आमच्यातली एक म्हणाली, "इथे वाटतं हो ताई. सोमवारी साडेदहाला फायलींच्या ढिगापुढे बसल्यावर काय?" मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. म्हणून हा धागा.

एक विनंती आहे. साक्ष द्यायची म्हटली की आपण मोठ्या गोष्टी सांगतो, आजार बरा झाला, नोकरी लागली. इथे लहान हव्यात. स्वयंपाकघरातल्या, रस्त्यावरच्या, ड्युटीवरच्या. आणि काहीच जाणवत नसेल तर तेही लिहा, संकोच नको.

सुरुवात मीच करते. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या कॅथलिक काकूंनी मला सेमिनरी हिल्सला एका दिवसाच्या मौन साधनेला ओढून नेलं. (फार बरं केलं त्यांनी.) तिथल्या सिस्टरांनी रात्रीची एक प्रार्थना शिकवली, संत इग्नेशियस लोयोलांची. हे मूळचे सैनिक. 1521 मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला आणि ते महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळले. पडल्या पडल्या त्यांच्या लक्षात आलं की काही विचार येऊन गेले की मन कोरडं पडतं, आणि काही विचार गेल्यावरही मागे गोडवा राहतो. त्यातूनच पुढे ही सवय आली. झोपण्याआधी दहापंधरा मिनिटं देवासोबत दिवस चाळायचा. आभार मानायचे, सकाळपासून एकेक प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा, तो कुठे होता, मी कुठे पाठ फिरवली ते पाहायचं, क्षमा मागायची आणि उद्याचा दिवस त्याच्या हाती द्यायचा.

पहिले दहाबारा दिवस मला काही सापडलं नाही. दिवाणाच्या कडेला बसायचे, डोळे मिटायचे आणि उद्याची भाजी आठवायची. मे महिना होता, आणि आपल्याकडचा मे! एका रात्री दिवस चाळताना सकाळचं कूलर भरणं आठवलं. नळाचा पाइप तिथवर पुरत नाही म्हणून मी बादलीने भरते. त्या दिवशी पाचवी की सहावी बादली ओतताना पाणी खसाच्या ताटीवर उडालं आणि ओल्या खसाचा वास आला. मी थांबले होते. रिकामी बादली हातात तशीच. त्या काळात घराच्या वाटणीवरून भावाशी वाद चालला होता आणि सकाळी उठल्यापासून डोकं धुमसायचं. त्या वासापाशी ते मिनिटभर गप्प झालं होतं. सकाळी मला हे कळलंही नाही. रात्री कळलं.

याकोब बेथेलला दगड उशाला घेऊन झोपला, आणि उठल्यावर म्हणाला की परमेश्वर इथे होता नि मला ठाऊक नव्हतं. हा शास्त्रपाठ मी संडे स्कूलपासून ऐकते. त्यातलं ते "उठल्यावर" मला त्या रात्री पहिल्यांदा दिसलं.

वाटणीचा वाद अजून मिटलेला नाही. पण बादली उचलताना मी भावाचं नाव घेते.

*

मोहननगर. आजी सांगून राहिली, मी तिची नात लिहून राहिली.

मले काही मोठी प्रार्थना येत नाही व माय. सकाळी कणिक भिजवली का गोळे करते. आम्ही घरात सहा जण, पोळ्या होतात अठरा. एका पोळीले एक नाव. पहिली नातवाची, तो पुण्याले कंपनीत हाय. मंग पाळकसाहेबाची. मंग समोरच्या घरच्या भाभीच्या नवऱ्याची, त्याले डायलिसिस लागते. लाटत राहाचं आन् म्हणाचं, प्रभू, याच्याकडे पाय. पोळी टम्म फुगली का मले वाटते, ऐकलं त्यानं. नाही फुगली तरी ऐकतेच तो, पण फुगली का जीवाले बरं वाटते.

*

आजी, तुमचं वाचून मला ब्रदर लॉरेन्स आठवले. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ते स्वयंपाकी होते. गंमत म्हणजे स्वयंपाकघराची त्यांना मुळात नावड. तरी वर्षानुवर्षं तिथेच राबले, आणि देवाशी बोलणं भांड्यांच्या खडखडाटातही थांबू द्यायचं नाही एवढंच त्यांनी धरून ठेवलं. पुढे पायाच्या दुखण्यामुळे चुलीपाशी उभं राहवेना, तेव्हा मठातल्या मंडळींच्या चपला दुरुस्त करायला बसले. 1691 मध्ये गेले. तुमच्या अठरा पोळ्या त्यांना फार आवडल्या असत्या.

*

स्टाफ नर्स, रात्रपाळी.

एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुवायचे हा आमचा नियम. नीट धुवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात प्रभूची प्रार्थना शांतपणे म्हणून होते. आधी मी ती वेळ मोजण्यासाठी म्हणायचे, खरं सांगते. रात्रीतून तीसचाळीस वेळा. हळूहळू असं झालं की त्यातल्या रोजच्या भाकरीच्या ओळीला ज्याच्याकडे जायचं तो पेशंट डोळ्यांपुढे यायला लागला.

पावसाळ्यात कुही तालुक्यातले एक आजोबा होते. ताप, अंगातलं पाणी आटलेलं, शीर सापडेना. डाव्या हाताला दोनदा टोचून झालं होतं, मनगटापाशी निळं पडलेलं. मी हात धुऊन आले, उजव्या हाताला टूर्निके बांधला, बोटाने चाचपत होते. पाठच्या बाजूला, करंगळीच्या रेषेत एक बारीकशी शीर जेमतेम लागली. मी मनात एवढंच म्हणाले, प्रभू, माझा हात धर. तेव्हा आजोबा डोळे न उघडता बोलले, "बाई, तुह्या हात थंड हाय. राहू दे जरासा." सुई बाजूला ठेवून मी हात त्यांच्या कपाळावर ठेवला. किती वेळ, सांगता येणार नाही. मागे मॉनिटर वाजत होता, तीन नंबरच्या बेडची बाई पाणी मागत होती, आणि तरीही तिथे घाई नव्हती. मग सुई एकदाच टोचली आणि लागली.

आजोबा पहाटे गेले. ते बरे व्हावेत म्हणूनही मी प्रार्थना केली होती, ती तशी ऐकली गेली नाही आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्या कपाळापाशी आम्ही दोघंच नव्हतो, हे मी कुणासमोरही सांगेन.

*

अजनी, रेल्वे क्वार्टर.

मी लोको पायलट, मालगाडीवर. आमचा सेक्शन इटारसीकडचा. आमच्या कामात डोळे मिटून प्रार्थना करता येत नाही, हे मला आधी फार खटकायचं. बायको घरी गुडघे टेकून प्रार्थना करते, आणि मी काय करून राहिलो? मग आमच्या पास्टरांनी बायबलमधला नहेम्या दाखवला, दुसरा अध्याय. राजा विचारतो, तुझी मागणी काय, आणि नहेम्या उत्तर द्यायच्या आत स्वर्गातल्या देवाची प्रार्थना करून मोकळा होतो. राजासमोर उभ्या उभ्या, डोळे उघडे. आमच्यात याला बाणप्रार्थना म्हणतात, सोडली की पोचली.

गाडीत आम्हाला प्रत्येक सिग्नल मोठ्याने बोलावा लागतो. मी म्हणतो, "डिस्टंट, डबल पिवळा." असिस्टंट तेच परत म्हणतो. दोघांनी एकच पाहिलं याची खात्री होते. डिसेंबरात आमल्याकडे धुकं असं दाटते का काचेपुढे पांढरी भिंतच. फॉग डिव्हाइस सांगते की पुढे सिग्नल एवढ्या मीटरवर आहे, पण दिवा डोळ्याले दिसेपर्यंत छातीत धडधड राहतेच. तेव्हापासून मी एक करतो. मी बोलतो, असिस्टंट बोलतो, आणि मनात तिसऱ्या आवाजाएवढी जागा सोडतो. तिथे काही ऐकू येत नाही. पण ती जागा रिकामी नसते.

*

भूगर्भशास्त्राची शिक्षिका, निवृत्त.

आपल्या शहरात हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे, पण ज्यांचं नाव त्याला दिलं ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी असून पक्के दगडवेडे होते हे थोड्यांना ठाऊक असतं. 1845 मध्ये ते नागपुरात आले. शाळा काढली, सुवार्ता सांगितली आणि फिरता फिरता टाकळीच्या बाजूला जीवाश्म गोळा केले. आपल्या काळ्या बसाल्टच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे जुन्या तळ्याचा गाळ सापडतो. एक लाव्हा थंड झाला, वर पाणी साचलं, त्यात जीव राहू लागले, मग दुसरा लाव्हा आला. त्या गाळात गोगलगायींचे शंख आहेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना हिस्लॉप नाल्याच्या पुरात बुडाले.

मी विद्यार्थ्यांना घेऊन जायचे तेव्हा पहिला तास सगळ्यांचा एकच सूर, "मॅडम, इथे काही नाही." मी म्हणायचे, बसा. भिंग डोळ्याजवळ धरा आणि दगड डोळ्याकडे आणा, मान वाकवू नका. मग एखादी किंचाळायची. नखाएवढा शंख, वेटोळ्यासकट. एकदा एक दिसला की त्याच दगडात दहा दिसतात. ते आधीही तिथेच असतात.

माझी प्रार्थना या शिकवण्यातूनच सुधारली. आधी मी देवाला ये म्हणायचे. आता सकाळी गॅलरीत बसून म्हणते, मला बसव, घाई करू देऊ नकोस.

*

मेट्रोने कॉलेजला जातो. झाशी राणी चौक ते सुभाषनगर मोबाइल बॅगेत. समोर बसलेल्या प्रत्येकासाठी एक वाक्य, मनात. आज एका काकांच्या पायातली चप्पल दिसली, अंगठ्यापाशी पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली. ब्रदर लॉरेन्सबद्दल कालच इथे वाचलं होतं, नाहीतर माझी नजर तिकडे गेली नसती.

*

बुटीबोरी.

ताई, तुम्ही लिहिलंत की काही जाणवत नसेल तर तेही लिहा, म्हणून लिहितो. बायकोला जाऊन चौदा महिने झाले. मी रोज प्रार्थनेला बसतो कारण ती असताना आम्ही दोघं बसायचो. तिची खुर्ची हलवलेली नाही. मला काही जाणवत नाही. वास नाही, आवाज नाही. मंडळीतले लोक म्हणतात, विश्वास ठेवा, शांती मिळेल. मी मान डोलावतो. शिफ्टला जातो, येतो, वरण-भात लावतो, बसतो. शब्द छताला लागून खाली पडतात असं वाटतं. वरच्या सगळ्यांचं वाचलं, कुणाचं खोटं वाटलं नाही. माझ्याकडे तसं काही नाही, एवढंच.

*

दादा, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. मी तुम्हाला शांतीचं वचन पाठवणार नाही. फक्त एक सांगते. स्तोत्रसंहितेतलं 88 वं स्तोत्र अंधाराच्या शब्दावर संपतं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि ते अख्खं देवाशीच बोललेलं आहे. तुमचं लिहिणं या धाग्यात तसंच राहू द्या. इतरांनाही विनंती, दादांना उपदेश करू नका.

*

मोहननगरची नात पुन्हा.

आजीला रात्री सगळं वाचून दाखवलं. बुटीबोरीच्या काकांचं दोनदा वाचायला लावलं. काही बोलली नाही, झोपली. आज सकाळी कणकेचा एक गोळा जास्त निघाला. मी म्हटलं, आजी, कुत्र्याला टाकते. तर म्हणाली, "नाही व. त्या बुटीबोरीवाल्याची हाय ते. त्याचं नाव का हाय, विचार बरं त्याले. मले नावानं लाटा लागते."

काका, तुमचं नाव सांगता का?