'पॅसिव्ह मोड'ला मराठीत काय म्हणायचं?

अक्षरी: पीएचपी या वेबसाइटच्या स्क्रिप्ट लिहायच्या भाषेतून एफटीपी (फायलींची ने-आण करायची पद्धत) सर्व्हरवर फायली कशा पाठवायच्या, यावर नवशिक्यांसाठी मराठी टिपण लिहिते आहे. 'पॅसिव्ह'ला 'निष्क्रिय' लिहिलं, तर 'लॉगिन झाल्यावर निष्क्रिय मोड सुरू करा' असं वाक्य होतं. वाचणारा विचारतो, नक्की सुरू करायचं की बंद?

खटपट्या: 'निष्क्रिय' नकोच. मुळात निष्क्रिय कोण, तेच त्यातून कळत नाही. एफटीपीत दोन जोडण्या असतात. हुकूम जातात ती एक, बहुधा २१ क्रमांकाच्या पोर्टवर. प्रत्यक्ष फाइल जाते ती वेगळी. ॲक्टिव्हमध्ये ही दुसरी जोडणी सर्व्हर आपल्याकडे करू पाहतो आणि आपली फायरवॉल त्याला दारातच अडवते. पॅसिव्हमध्ये सर्व्हर पोर्ट उघडून बसतो, जायचं आपण. म्हणजे पॅसिव्ह तो, आपण नव्हे.

शुद्धलेखक: मग 'कर्मणी मोड' म्हणा की! गंमत सोडा, 'प्रतीक्षा मोड' कसा वाटतो?

खटपट्या: 'प्रतीक्षा' वाचून लोकांना वाटेल स्क्रिप्ट अडकलीय. आणि पॅसिव्ह लावायचं राहिलं की नेमकी ती खरंच अडकते! लॉगिन व्यवस्थित होतं, पण एफटीपी_एनलिस्ट या फंक्शनने फायलींची यादी मागितली की काहीच हलत नाही, कारण यादीही त्या दुसऱ्या जोडणीवरूनच येते. मी म्हणेन 'पॅसिव्ह' तसाच ठेवा आणि सर्व्हरचं उत्तर उलगडून दाखवा. समजा '२२७' या संकेतासोबत कंसात १९२,०,२,१०,१९५,८० आलं. पहिले चार आकडे पत्त्याचे. पाचव्याला २५६ ने गुणून सहावा मिळवायचा: ४९९२० अधिक ८०, म्हणजे पोर्ट ५००००. 'इथे ये' असं सर्व्हर सांगतोय. हे एकदा पाहिलं की प्रतिशब्दावाचून अडत नाही.

अक्षरी: पटलं. अपलोडला 'चढवणे' आणि डाउनलोडला 'उतरवणे' चालेल ना?

शुद्धलेखक: 'उतरवून घेणे' तर फारच चपखल. वहीतलं उतरवून घेतलं तरी मूळ वही जागेवरच राहते. सर्व्हरवरची फाइलही तशीच राहते.

जुनी_वीट: चालेल, पण तुमचा खरा घोळ 'स्थानिक' या शब्दात होणार आहे. एफटीपी_पुट या फाइल चढवायच्या फंक्शनमधली 'स्थानिक फाइल' म्हणजे वाचणाऱ्याच्या लॅपटॉपवरची नव्हे. पीएचपी ज्या यंत्रावर चालतं, त्यावरची. स्क्रिप्ट वेब सर्व्हरवर असेल तर 'स्थानिक' म्हणजे तो वेब सर्व्हर. नवखा माणूस ब्राउझरसमोर बसून आपल्या डेस्कटॉपवरच्या फाइलचा मार्ग देतो आणि 'फाइल सापडत नाही' म्हणून डोकं धरून बसतो. 'स्थानिक'ऐवजी सरळ 'स्क्रिप्टच्या यंत्रावरची' लिहा. लांबलचक आहे, पण चकवत नाही.

अक्षरी: म्हणूनच फंक्शनच्या कंसात काय आधी लिहायचं, तो क्रम पाठ होत नाही की काय! पुटमध्ये दूरची फाइल आधी, उतरवून घ्यायच्या गेटमध्ये जवळची आधी.

जुनी_वीट: 'जवळ-दूर' विसरा. जोडणीनंतर, दोन्हीत, 'कुठे' आधी आणि 'कुठून' नंतर. कंसातला चौथा 'मोड' मात्र निराळा: बायनरी (फाइल जशीच्या तशी) की ॲस्की (मजकूर म्हणून). ॲस्कीत ओळीअखेरच्या खुणा बदलल्या जातात, त्यामुळे चित्राची किंवा झिपची वाट लागते. पीएचपी ७.३ पासून काही न लिहिल्यास बायनरीच धरतात. एकाच टिपणात दोन 'मोड' येणार, तेव्हा इथे 'प्रकार' लिहा.

खटपट्या: आणि एसएफटीपीला 'सुरक्षित एफटीपी' लिहू नका. ते एसएसएच या कूटबद्ध जोडणीवर चालणारं निराळंच प्रकरण, पोर्ट २२. एफटीपी_एसएसएल_कनेक्ट त्याला उपयोगी नाही, ते एफटीपीएससाठी, म्हणजे कूटबद्ध केलेल्या एफटीपीसाठी.

अक्षरी: म्हणजे 'पॅसिव्ह' तसाच, 'स्थानिक' बाद, 'उतरवून घेणे' कायम. 'दूरस्थ'चं काय?

शुद्धलेखक: 'पलीकडची फाइल' लिहा. 'दूरस्थ' वाचलं की मला दूरस्थ शिक्षण आठवतं.