ट्रिक रूमची टीम जरा तपासाल का?

मंडळी, पोकेमॉन डबल्ससाठी (दोघांविरुद्ध दोघांची लढत) टीम बांधतोय. इंडीडी (मादी) 'फॉलो मी' करून मार स्वतःवर घेते, तिच्या सायकिक टेरेनमुळे 'फेक आउट' (आधी वार करून समोरच्याची चाल हुकवणारा हल्ला) चालत नाही, तेवढ्यात हॅटरीन ट्रिक रूम लावते, म्हणजे हळू पोकेमॉन आधी वार करतात. मग टॉर्कोलचं उन्हातलं 'इरप्शन', म्हणजे आगीचा जबर हल्ला. स्पीड फक्त 20, म्हणजे बहुतेक वेळा पहिला वार त्याचाच!

अडचण पुढे आहे. ट्रिक रूम 5 टर्न, त्यातला एक ती लावण्यातच जातो. समोरचा 'प्रोटेक्ट' करत (वार अडवत) वेळ काढतो, आणि टॉर्कोलला मार बसला की इरप्शनची 150 पॉवर घसरते. पाचवी जागा हळू अमूंगसला द्यावी की क्लोरोफिलवाल्या (उन्हात वेग वाढणाऱ्या) व्हीनसॉरला? माझा कल व्हीनसॉरकडे. रूम लागलीच नाही तर उन्हात तो तरी पळेल. पण टीममधल्या 6 मधून लढतीसाठी 4 निवडताना दोन्ही योजनांची खिचडी होईल का?