सातबारा ब्लॉकचेनवर गेला की तंटा मिटेल?

देवगडचा बागायतदार: काल इथे एकाने लिहिलं, ‘सातबारा ब्लॉकचेनवर चढवा, हापूसच्या पेटीला क्यूआर लावा, कोकणात मधला माणूसच उरणार नाही.’ राहवलं नाही म्हणून लिहितोय. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली नोंदींची साखळी. माझी 200 कलमं आहेत. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी कर्नाटकचा आंबा आमच्या नावाने विकला जातोच. साखळीतली नोंद मागाहून बदलता येत नाही, मान्य. पण पहिली नोंद करणारानेच खोटं लिहिलं तर? खोटंच पक्कं होणार. साखळीला आंब्याचा वास येत नाही.

गुहागरकर: म्हणून चाललंय ते चालू द्यायचं? पेटीगणिक क्रमांक द्या. 200 कलमांच्या बागेतून 5000 पेट्या निघाल्या की चोरी उघडी पडेल.

देवगडचा बागायतदार: त्याला संस्थेचा साधा संगणक पुरतो.

गुहागरकर: आणि तो संगणक कोणाच्या ताब्यात? आमच्याकडे संचालक बदलले आणि जुना हिशेबच सापडेना. एकाच्या हातात वही नको, एवढंच म्हणतोय.

राजापूरची सून: आंब्याचं राहू दे. आमच्या सातबाऱ्यावर 17 नावं, त्यातली 6 माणसं वारलेली. सासरे गेल्यावर वारस नोंदीसाठी मी तलाठ्याकडे आठ हेलपाटे घातले. मुंबईचे सहहिस्सेदार फोन उचलत नाहीत. ब्लॉकचेन सही कोणाची घेणार, मेलेल्यांची?

परळचा चाकरमानी: मुंबईवाल्यांवर घसरू नका. गावच्या काकांनी 20 वर्षांत काजूचा एक रुपया दाखवला नाही. सही कशाला देऊ?

राजापूरची सून: वणवा लागला तेव्हा बाग विझवायला कोण होतं? गणपतीला चार दिवस येऊन हिस्सा मागायचा?

परळचा चाकरमानी: माझ्या आजोबांनी लावलेली झाडं आहेत ती. हिस्सा मागणारच.

देवगडचा बागायतदार: बघा, भांडण माणसांचं आहे. इथेरियम ही अशीच एक ब्लॉकचेन, इथर हे तिचं चलन. 2016 साली तिच्यावरच्या ‘द डाओ’ या सामाईक गुंतवणूक निधीतून 36 लाख इथर पळवले, तेव्हा इथेरियमवाल्यांनीही एकत्र येऊन साखळीच फिरवली, चोरी रद्द केली. कोणाची सत्ता नाही म्हणणारेच ते.

गुहागरकर: ज्यांना पटलं नाही ते जुन्या साखळीवर राहिले. ती ‘इथेरियम क्लासिक’ या नावाने आजही चालू आहे. सामाईक जमिनीत एकाला असं सुखाने वेगळं होता येतं?

देवगडचा बागायतदार: नाही येत. बरं, पेटीच्या क्रमांकापुरतं तुमचं ऐकतो, या मोसमात लावून बघेन. सातबाऱ्याचं मात्र बोलू नका.

राजापूरची सून: परळवाले, मे महिन्यात मोजणी लावली तर याल का?

परळचा चाकरमानी: काकांनी काजूचा हिशेब आणला तर येईन.